शुद्धलेखनाचा धाक आणि मुलांची लेखणी

शाळा पाहावयास कोणी पाहुणा आला कीं मुलांच्या वह्या त्याच्यापुढें मांडण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. अक्षर वळणदार, समास सोडलेला, आणि पावसाळ्यावर दहा ओळींचा निबंध! पाहणारा संतुष्ट होतो. परंतु त्याच वर्गांतील दहा वह्या एकापुढें एक ठेवून वाचाव्या. दहाही घरीं पाऊस त्याच शब्दांनीं पडतो आणि दहाही अंगणांत तोच मोर नाचतो. हा निबंध मुलांचा नव्हे. तो फळ्यावरचा, किंवा बाजारांत विकत मिळणाऱ्या मार्गदर्शकांतला. मुलांनीं केली ती केवळ नक्कल.

मुलांपाशीं सांगण्यासारखें कांहीं नसतें, असें कोणी म्हणूं नये. बापाच्या दुकानांत गिऱ्हाइकानें भाव कसा पाडला, हें मधल्या सुटींत रंगवून सांगणारा चौथींतला मुलगा वही पुढें येतांच मुका कां होतो? ह्रस्वाचें दीर्घ झालें कीं तांबडी रेघ. घरांतला 'व्हता' वहींत उतरला कीं दुसरी रेघ. जितके शब्द अधिक तितक्या रेघा अधिक, हा हिशेब तो लवकरच शिकतो व लिहिणें आंखडतो. ज्या व्यापारांत पहिल्या दिवसापासून तोटाच पदरीं येतो, त्यांत भांडवल कोण घालील?

शुद्धलेखन नको, असें आमचें म्हणणें नाहीं. आमचा वाद क्रमाविषयीं आहे. आई मुलाचे बोबडे बोल आधीं कौतुकानें ऐकते. जीभ मागाहून वळते. लेखणीसही हाच नियम लागू आहे. मुलानें आधीं सांगावें, मग रोज चार-पांच ओळी स्वतःच्या पाहण्यांतल्या लिहाव्या. शिक्षकानें प्रथम मजकुराविषयीं एखादा प्रश्न विचारावा, आणि एका वेळीं एकच चूक दाखवावी. वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी शब्द आला तर तो खोडूं नये. त्याच्या शेजारीं पुस्तकी शब्द ठेवावा. लिहिलेलें वर्गांत वाचून दाखवूं द्यावें, म्हणजे आपलें लिहिणें कोणी तरी ऐकतो हा विश्वास येईल. इतक्या वह्या शिक्षकानें कधीं पाहाव्या, असा आक्षेप येईल. तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचींत प्राथमिक वर्गांसाठीं साधारणतः ३० मुलांमागें १ शिक्षक धरिला आहे. रोज ५ वह्या मन लावून वाचल्या तर ६ दिवसांत वर्ग पुरा होतो. जेथें शिक्षकच कमी आहेत, तेथें दोष शिक्षकाचा नव्हे, नेमणूक न करणाऱ्यांचा.

त्याच कायद्याचें कलम २९ सांगतें कीं, मुलाला भयमुक्त करणें व आपलें मत मोकळेपणानें मांडण्यास साह्य करणें, ही गोष्ट अभ्यासक्रम व मूल्यमापन ठरवितांना विचारांत घेतली पाहिजे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आहे. तेव्हां मुलाच्या लेखणीची भीति घालविणें ही शाळेची मेहेरबानी नसून कर्तव्य आहे.

यांत लाभ केवळ परीक्षेचा नाहीं. वकिलीच्या धंद्यांत आम्हीं असे कित्येक अर्ज पाहिले आहेत कीं, खालीं सही अर्जदाराची, पण वरचा मजकूर त्याचा नव्हे. ज्याची तक्रार दुसऱ्याच्या शब्दांत सरकारापुढें जाते, त्याचें स्वराज्य अपुरेंच म्हटलें पाहिजे. उलट उदाहरण आमच्याच इतिहासांत आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंतील मुक्ता या मांग समाजाच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयींचा निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदया'त छापून आला. तें दुःख तिला कोणत्याही फळ्यावरून उतरून घेतां आलें नसतें. म्हणूनच दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं तरी तो निबंध वाचला जातो.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं शाळेंत जाणारें मूल असेल. त्यांनीं आज त्याची वही उघडावी, आणि गुण किती पडले हें न विचारतां, यांतलें तुझें वाक्य कोणतें, एवढेंच विचारावें.