आदिमानवाचे ताट आणि गडचिरोलीचे रान

चंद्रपूर शहरालगतच्या पापामिया टेकडीवर अश्मयुगातील माणसाने घडविलेली दगडी हत्यारे सापडली आहेत. ज्याच्या नावाने आज पुण्या-मुंबईत, आणि आता नागपुरातही, एक नवी आहारपद्धती मिरवली जात आहे, तो आदिमानव म्हणजे कोणी परदेशी पाहुणा नव्हे. तो याच मातीत वावरून गेला. त्याने नेमके काय खाल्ले, हे ती हत्यारे सांगत नाहीत. ही आहारपद्धती मात्र ते छातीठोकपणे सांगते. मांस, मासे, अंडी, फळे, कंद आणि पालेभाज्या खाव्यात. धान्य, कडधान्य, दूध आणि साखर वर्ज्य करावी. शेती सुरू होऊन जेमतेम दहा हजार वर्षे झाली, माणसाचे शरीर त्यापूर्वीच्या लक्षावधी वर्षांत घडले, सबब शेतीने दिलेले अन्न त्याला परके आहे, असा हा युक्तिवाद.

विचार तसा नवा नाही. वॉल्टर व्हॉग्टलिन या अमेरिकन पोटविकारतज्ज्ञाने १९७५ साली अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिले. १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांच्या लेखाने या कल्पनेला वैद्यकीय जगात प्रतिष्ठा मिळवून दिली आणि पुढे लॉरेन कॉर्डेन यांनी ती घरोघर पोचविली. महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला आपल्या ताटाकडे संशयाने पाहण्याची सवय अलीकडे लागलीच आहे. त्यात ही भर पडली. साखर, मैदा आणि पाकीटबंद तळलेले पदार्थ सोडावेत, एवढाच तिचा आग्रह असता तर वाद घालण्याचे कारण नव्हते. पण जॉर्डनच्या वाळवंटात शेतीच्याही चार हजार वर्षे आधी भाजलेल्या भाकरीचे जळके तुकडे २०१८ साली उजेडात आले. म्हणजे रानातले धान्य दळून खाणारा माणूस शेतकऱ्याच्या आधीचा ठरतो. शिवाय शाकाहारी कारकुनाच्या ताटातून ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि दही काढून घेतल्यावर उरते काय, आणि जे उरते ते महिन्याच्या वीस तारखेनंतर परवडते का, हा प्रश्न अमेरिकेतल्या पुस्तकांना पडण्याचे कारण नाही.

ज्याला रानचे अन्न म्हणजे काय हे खरोखरच पाहायचे असेल, त्याने भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांकडे वळावे. तेथे हा आहार कोणी सुरू केलेला नाही. तो बंद पडलेला नाही, इतकेच. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले, मग टेंबरे आणि चार; पावसाची पहिली सर आली की तरोट्याची कोवळी पाने, कुड्याची फुले, बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, वारुळावर उगवणाऱ्या सात्या, काटवले; हिवाळ्यात खणून काढायचे कंद. इंद्रावती, पामुलगौतम, पर्लकोटा या नद्यांचे मासे आणि ओढ्यांतले खेकडे आहेतच, आणि माडिया घरातील लाल मुंग्यांची चटणीही आहे. त्यांतले काही कंद कच्चे खाल्ले तर विषारी असतात. त्यांच्या चकत्या करून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून विष काढावे लागते. कोणती सात्या खायची आणि कोणत्या छत्रीला हात लावायचा नाही, हे ज्ञान पुस्तकात नाही. ते आजीकडून नातीकडे येते. गडचिरोलीतील बायका आणि झाडे यांच्या या नात्याची नोंद डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात केली आहे. गोईण म्हणजे मैत्रीण. झाडाला मैत्रीण म्हणणाऱ्या समाजाकडे आहाराचा तक्ता नसतो. पंडुम साजरा झाल्याखेरीज नवे फळ तोंडात घालायचे नाही, हा त्यांचा नियम. फळ पिकेपर्यंत ते झाडावर राहावे, ही त्या नियमामागची समजूत वनखात्याच्या कित्येक परिपत्रकांपेक्षा अधिक परिणामकारक ठरली असेल.

आणि तरीही हे ताट धान्यावाचूनचे नाही. त्यात भात आहे, कुटकी आहे, आंबील आहे. देशातील अतिशय वनाश्रित समाजांपैकी एकालाही धान्य सोडावेसे वाटलेले नाही, याची नोंद नव्या आहारवाद्यांनी घ्यायला हरकत नाही. उलट बाजूही लपवू नये. या जिल्ह्यात कुपोषण आहे, पावसाळ्यातील उपासमारीच्या आठवणी घरोघर आहेत. स्वस्त धान्य दुकानातला तांदूळ त्या उपासमारीवरचा उतारा म्हणून आला आणि त्याने जीव वाचविले. भरल्या पोटाने त्याची टवाळी करू नये. पण तांदळाने पोट भरले तरी ताटातले वैविध्य आटले, आणि खर्रा गावोगाव पोचला. ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधनात ग्रामीण गडचिरोलीत पक्षाघात हे मृत्यूचे एक प्रमुख कारण असल्याचे दिसून आले, ही गोष्ट रानातल्या माणसाला शहरी रोग होत नाहीत या गोड समजुतीला धक्का देणारी आहे.

रानचे अन्न ताटातून का गेले, याचे उत्तर आहारशास्त्रात नाही. १९२७ च्या वन कायद्याने रान सरकारचे झाले आणि त्यात शिरणारा माणूस संशयित ठरला. मोहफूल तर दारूचा कच्चा माल म्हणून दारूबंदी कायद्याच्या कक्षेत गेले. ते बाळगण्या-नेण्यावरचे निर्बंध राज्य शासनाने उठविले ते २०२१ साली. २००६ च्या वनहक्क कायद्याने कंद, मध, बांबू, तेंदूपाने या गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क पहिल्यांदा मिळविणाऱ्या गावांत त्याची गणना होते. त्यानंतर गडचिरोलीत शेकडो गावांना हे हक्क मिळाले. तरी सुरजागडच्या टेकड्यांवर लोहखनिजाचे उत्खनन चालू आहे, आणि टेकडी गेली की तिच्यावरचे कंद कोणत्याही हक्कपत्राने परत येत नाहीत.

दुसरी हानी शांतपणे होते. ती शाळेत होते. आश्रमशाळेतले मूल वर्षाचे दहा महिने भात-वरण खाते. ते चूक नाही, पण वास्त्यांची भाजी आणि मुंग्यांची चटणी ही रानटी माणसाची चिन्हे आहेत, हेही ते नकळत शिकते. सुट्टीत घरी गेल्यावर कोणता कंद कोठे खणायचा हे त्याला सांगता येत नाही, आणि विचारायची लाज वाटते. शिक्षकांनी मनात आणले तर हे बदलता येण्याजोगे आहे: पावसाळ्यात महिन्यातून एकदा गावातल्या एखाद्या आजीला शाळेत बोलवावे, तिने आणलेली भाजी मुलांसमोर निवडावी, तिचे माडिया आणि मराठी नाव फळ्यावर लिहावे आणि दुपारी ती जेवणात वाढावी.

शहरातल्या वाचकालाही सुरुवात करायची असल्यास ती सोपी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडी बाजारात रानभाज्या घेऊन बसलेल्या बाईशी दरासाठी घासाघीस करू नये, तिला भाजीची कृती विचारावी आणि घरी ती भाकरीबरोबर खावी. अनोळखी अळिंबी स्वतः तोडून खाण्याचे धाडस मात्र कोणीही करू नये.

त्या बाईचा एक प्रश्न अजून सुटायचा आहे. मोह रात्रीतून गळतो, म्हणून तो पहाटेच वेचावा लागतो, आणि चंद्रपूरच्या रानात पहाट ही वाघाचीही वेळ असते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. एकट्याने रानात जाऊ नये, या सूचनेने हे थांबत नाही. वाघाचा वावर कोठे आहे याची आदल्या संध्याकाळी गावात दवंडी, वेचणाऱ्यांच्या गटाबरोबर वनरक्षकाची सोबत आणि अपघात घडल्यास हेलपाट्यांवाचून भरपाई, एवढी व्यवस्था येत्या मोहाच्या हंगामापूर्वी करणे वनखात्याला अशक्य नाही.