जे रिव्हर्ट होत नाही

दहा-बारा वर्षे चांगला कोड लिहिणाऱ्या माणसाकडे एक दिवस प्रकल्पाची धुरा येते. आधीचा मेंटेनर थकलेला असतो किंवा त्याची नोकरी बदललेली असते, आणि उरलेल्यांत सर्वांत जाणता हाच असतो. कमिटचा अधिकार मिळवण्यासाठी त्याचे कितीतरी पॅच तपासले गेले होते. नेतृत्व मात्र कोणत्याही परीक्षेविना हाती पडते. मग एडिटर उघडायला सवड होत नाही. दोन ज्येष्ठांमधला वाद, नवख्याचा रेंगाळलेला रिव्ह्यू, पुढच्या आवृत्तीची तारीख, आचारसंहितेखाली आलेली तक्रार यांतच दिवस सरतो.

आमच्या वाचकांपैकी अनेक जण आज या टप्प्यावर आहेत. आपल्या व्यवसायाने आपल्याला एक मोठी सवय लावली आहे: चूक परत घेता येते. गिटमध्ये कमिट केलेले सहसा हरवत नाही, फसलेला बदल रिव्हर्ट करता येतो, नको असलेली ब्रँच टाकून देता येते. या सवयीमुळेच आपण धीटपणे प्रयोग करतो. माणसांसोबतच्या कामात मात्र हीच सवय नुकसान करते. सर्वांसमोर झालेला अपमान, घाईत दिलेला नकार, चुकीच्या वेळी सोपवलेला अधिकार यांतले काहीच रिव्हर्ट होत नाही. या कामासाठी हात आणि मन दुसरीकडे कुठेतरी तयार व्हावे लागतात. ओपन सोर्समधल्या काही जणांना ती जागा लेथवर लाकूड कातताना सापडली आहे. या छंदाकडे नेतृत्वाची तालीम म्हणून गांभीर्याने पाहावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

डेव्हिड पाय हे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर डिझाइनचे प्राध्यापक होते आणि स्वतः लाकडाचे वाडगे नि डब्या घडवत. १९६८ साली आलेल्या ‘द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप’ या पुस्तकात त्यांनी कारागिरीचे दोन प्रकार मांडले. एक हमीची कारागिरी: छपाईसारखी, जिथे काम सुरू होण्याआधीच परिणाम ठरलेला असतो. दुसरी जोखमीची: हस्तलेखनासारखी, जिथे शेवटच्या क्षणापर्यंत सगळे करणाऱ्याच्या निर्णयावर, कसबावर आणि सावधपणावर अवलंबून असते. गेल्या काही दशकांत आपण कोडिंगला जोखमीकडून हमीकडे खेचून आणले. व्हर्जन कंट्रोल, आपोआप चालणाऱ्या चाचण्या, सीआय, टप्प्याटप्प्याने होणारे रोलआउट ही आपल्या क्षेत्राची अभिमानाची कमाई आहे. समुदाय चालवण्याचे काम मात्र होते तिथेच, जोखमीच्या बाजूला राहिले आहे.

२०१८ या एकाच वर्षात याचे दोन मोठे दाखले मिळाले. पायथनमध्ये ‘पेप ५७२’ या प्रस्तावावरून, म्हणजे एक्स्प्रेशनच्या आतच व्हेरिएबलला मूल्य देणाऱ्या चिन्हावरून, कडवट वाद झाला. प्रस्ताव मंजूर झाला, आणि १२ जुलैला गिडो व्हान रॉसम यांनी पायथनच्या प्रमुखपदावरून बाजूला होत असल्याचे जाहीर केले. वारस नेमला नाही. पुढची व्यवस्था तुम्हीच ठरवा, असे त्यांनी कोअर डेव्हलपरांना सांगितले. ते चिन्ह नको झाले असते तर पुढच्या आवृत्तीतून काढता आले असते. वादात झिजलेले माणसाचे मन पूर्ववत करणारी कमांड कुणाकडेच नव्हती. समुदायाने महिनोन्महिने चर्चा केली, मतदान घेतले आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांची स्टीअरिंग कौन्सिल निवडली. त्याच २०१८ च्या सप्टेंबरात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या तिखट भाषेबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे काम थांबवले. कर्नलने तेव्हाच नवी आचारसंहिता स्वीकारली. नाकारलेला पॅच सुधारून परत पाठवता येतो. त्या भाषेला कंटाळून निघून गेलेले डेव्हलपर तसे परत येत नाहीत.

आता लेथकडे वळू. फिरत्या लाकडावर गाऊजची, म्हणजे कातण्याच्या हत्याराची, धार थेट टेकवली की हत्यार आत खेचले जाते आणि लाकूड ओरबाडून निघते. कातकाम करणारे याला कॅच म्हणतात. म्हणून पहिल्याच धड्यात शिकवतात ते असे: हत्यार आधी टूल रेस्टवर ठेवा, मग धारेमागचा उतार लाकडावर नुसता घासू द्या, आणि मूठ हळूहळू उचलत धारेला कापू द्या. आधी स्पर्श, मग काप. मेंटेनरच्या कामात याचा अर्थ सरळ आहे. चर्चेत थेट निकाल घेऊन उतरू नये. आधी धागा पूर्ण वाचावा, समोरच्याला काय साधायचे आहे ते आपल्या शब्दांत मांडून त्याच्याकडून खातरी करून घ्यावी, आणि मगच मत द्यावे.

वेगाचा नियमही असाच उपयोगी आहे. लाकडाचा व्यास इंचांत मोजून त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले तर उत्तर साधारण ६००० ते ९००० च्या दरम्यान यावे, असा आडाखा कातकाम करणारे वापरतात. म्हणजे १२ इंची वाडग्याला ५०० ते ७५० फेऱ्या पुरतात. लाकूड जितके मोठे तितका वेग कमी. समुदायाचेही तसेच आहे. तिघांचा प्रकल्प एका संध्याकाळी निर्णय घेऊ शकतो. अपाचेसारख्या संस्थेत मतदान सहसा किमान ७२ तास खुले ठेवतात. तिथले काम स्वयंसेवक करतात, ते जगभर विखुरलेले आहेत, आणि झोपेत किंवा नोकरीत असलेल्यालाही बोलण्याची संधी मिळायला हवी. कोडमधल्या बदलाला व्हेटो देणाऱ्याने तांत्रिक कारण द्यावेच लागते, नाहीतर तो व्हेटो ग्राह्य धरत नाहीत. मोठ्या समुदायाचा हा संथपणा कित्येक नव्या नेत्यांना आळस वाटतो. वस्तुतः वेग वाढवला की सगळेच हादरू लागते, हे जाणणाऱ्यांनी घालून दिलेली ती शिस्त आहे.

ओल्या लाकडाचे काम तर धीराचीच परीक्षा घेते. नुकत्याच कापलेल्या ओंडक्याचा वाडगा एका बैठकीत पुरा करत नाहीत. आधी जाड भिंतीचा कच्चा आकार काढतात. भिंत व्यासाच्या साधारण दहावा हिस्सा ठेवायची. तंतूंची टोके उघडी पडतात तिथून लाकूड सर्वांत लवकर सुकते आणि तडकते, म्हणून तिथे मेण लावतात. मग तो महिनोन्महिने तसाच ठेवतात. सुकताना वाडगा लंबगोल होतो, आणि नंतरच्या कातकामात तो पुन्हा गोल करता यावा म्हणूनच भिंत जाड ठेवलेली असते. प्रकल्पात मात्र नव्या सहभागीकडून आपण पहिल्याच महिन्यात पातळ, गुळगुळीत काम मागतो. त्याच्या चुकांना, शंकांना आणि परीक्षांच्या दिवसांतल्या गैरहजेरीला पुरेल इतकी जाड भिंत आपण ठेवत नाही. मग तो तडकला की दोष त्याला देतो.

लेथचा आणखी एक गुण आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समुदायाचे काम कधी पुरे होत नाही. वाद मिटला तरी हातात धरून दाखवावे असे काही उरत नाही. घडवण्याची भूक असलेला माणूस मग ती भूक प्रकल्पातच भागवतो: शनिवारी दुपारी नवख्यांसाठी राखून ठेवलेला सोपा इश्यू उघडतो आणि वीस मिनिटांत स्वतःच बंद करतो. त्याला बरे वाटते. पण त्या इश्यूवर जो कोणी पुढच्या आठवड्यात पहिला पॅच लिहायला शिकला असता, तो प्रकल्पाला दुरावतो. ज्याने त्याच दुपारी एक लाटणे किंवा रवी पुरी केली आहे, त्याचे हात तृप्त असतात. प्रकल्पातले काम तो मोकळ्या मनाने इतरांसाठी सोडू शकतो. नेत्याचा छंद ही त्याची खासगी बाब असली तरी तिचा लाभ असा सगळ्या समुदायाला होतो.

कातकाम करणाऱ्यांचे जगही आपल्याला परके नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये आणि ब्रिटनमध्ये त्याच सुमारास त्यांच्या राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या. गावोगावच्या मंडळांत जाणता माणूस सर्वांसमोर लेथ चालवून दाखवतो, कृती लपवत नाही, आणि नवख्याच्या हाती हत्यार देतो. आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारआळीने लेथवर कातलेली लाकडी फळे नि खेळणी पिढ्यान्‌पिढ्या केली. त्याच गावात गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, रंगवण्याची विद्या मोजक्या हातांत उरली होती, तेव्हा तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वयोवृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवून पुढे चालवली. विद्या शेवटच्या एका माणसापाशी येऊन ठेपण्याआधी ती दुसऱ्याच्या हाती द्यावी, हे त्या गावाचे सांगणे आपल्या क्षेत्राला अधिक निकडीने लागू आहे.

मार्च २०२४ मधले एक्सझेड प्रकरण आठवा. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असलेली एक्सझेड ही लायब्ररी दीर्घकाळ मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. त्याच्यावर कामाच्या विलंबावरून दबाव आला. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी सुमारे दोन वर्षे नेटाने मदत केली, सह-मेंटेनर झाले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवले. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा अँड्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरने पाठपुरावा केला, म्हणून ते उघडे पडले. यातून नव्या माणसांवर संशय घ्यायला शिकणे हा चुकीचा धडा ठरेल. एकट्या माणसाला एकटे राहू देणे ही मूळ चूक होती, आणि ती त्याची नव्हती, त्याच्या कामावर विसंबलेल्या आपल्या सर्वांची होती.

म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. थकलेल्या मेंटेनरला छंदाचा सल्ला देऊन मोकळे होणे हा अन्याय आहे. त्याला आधी सोबती हवा, कंपन्यांकडून पैसा हवा आणि रजेचा हक्क हवा. लेथ नेतृत्वाची वृत्ती घडवतो. मनुष्यबळाची उणीव तो भरून काढत नाही. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी जवळच्या कातारी कारागिराकडे किंवा जाणत्या छांदिष्टाकडे जाऊन शिकावे, लाटण्यासारख्या लांबट, सोप्या वस्तूपासून सुरुवात करावी, आणि चेहऱ्यावर पूर्ण ढाल नि नाकावर धुळीचा मास्क असल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

आणि लेथ घेणे जमो वा न जमो, या महिन्यात तीन गोष्टी प्रत्येक मेंटेनरने कराव्यात. रागाच्या भरात लिहिलेले उत्तर दुसऱ्या दिवशी वाचूनच पाठवावे. सोपे म्हणून नोंदवलेले इश्यू स्वतः बंद करणे थांबवावे, आणि ते घेणाऱ्याला वेळेत रिव्ह्यू द्यावा. तिसरी गोष्ट सर्वांत तातडीची: रिलीजची किल्ली, डोमेनचे खाते आणि रिपॉझिटरीचे अधिकार किती जणांकडे आहेत ते आजच मोजावे. ती संख्या एक असेल, तर पुढच्या आवृत्तीची तारीख ठरवण्याआधी दुसरा माणूस तयार करायला घ्यावा.