स्लिपवर पीएफ, पासबुकात भोपळा

सॅलरी स्लिपवरचा 'नेट पे' सोडून बाकीच्या ओळी तुम्ही शेवटच्या कधी वाचल्या होत्या? मॉलमध्ये बिल तपासणारे आपण इथं मात्र एकदम दिलदार!

वीस किंवा जास्त माणसं कामाला असली की पीएफ हा मालकाच्या मर्जीचा विषय राहत नाही. पीएफची सक्ती 1952 च्या कायद्यापासून चालत आलीय. सर्वसाधारणपणे बेसिक आणि डीएचे 12 टक्के तुमचे, तेवढेच कंपनीचे, आणि दोन्ही पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत जमा व्हायला हवेत. उशीर झाला तर व्याज आणि दंड मालकाच्या खिशातून. कापून घेतलेले पैसे भरलेच नाहीत, तर तो थेट फौजदारी विश्वासघात. (कंपनीच्या हिश्श्यातला मोठा तुकडा पेन्शनकडे जातो. पासबुकात तो कमी दिसला म्हणून लगेच एचआरवर धावून जाऊ नका.)

'तू कॉन्ट्रॅक्टवर आहेस, तुला पीएफ नाही' असं कुणी ऐकवलं, तर आमच्या सोलापूरच्या विडीवाल्या बायका आठवा. पान-तंबाखू घरी आणायचं, विड्या वळायच्या, परत नेऊन द्यायच्या. विडीधंद्याला 1977 मध्ये पीएफ लागू झाला, तेव्हा देशभरातले मालक म्हणाले, या घरी काम करतात, आमच्या कामगार कशा? 1985 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते मानलं नाही. खराब विडी नाकारायचा हक्क तुमचा, म्हणजे कामावर ताबाही तुमचाच! मला तर हा निकाल भन्नाट वाटतो.

हे सगळं मी जेऊरच्या माझ्या मावसभावाला ऐकवलं. करमाळ्याला जायचं तर रेल्वेनं उतरायचं ते जेऊर. तिथून पुण्याला आलेला, पहिलीच नोकरी, बेसिक बारा हजार. आठ महिने स्लिपवर पीएफ कटतोय आणि पासबुक कोरं. एचआर म्हणे, 'प्रोसेसमध्ये आहे.' मी म्हटलं, यूएएन टाक आणि पीएफच्या पोर्टलवर तक्रार कर, सोबत सगळ्या स्लिपा जोड.

"ताई, कायदा बरोबर आहे गं. पण उद्या काढून टाकलं तर रूमचं भाडं कोण देणार?"

याला माझ्याकडे कलम नव्हतं. त्यानं आधी दुसरीकडचं ऑफर लेटर मिळवलं, मगच तक्रार टाकली. आतापर्यंत पाच महिन्यांचे जमा झालेत. तीन बाकी आहेत.