लाल केसांनी कोणाचे काय बिघडते?

केस रंगविणाऱ्या तरुणांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात दोन सूर हमखास ऐकू येतात. एक संस्कृतिरक्षकांचा, त्याचे नवल नाही. दुसरा आपल्या परिवर्तनवादी मित्रांचा, आणि त्याची मात्र दखल घेणे भाग आहे. ‘चंगळवाद’ हा एक शब्द उच्चारला की या मित्रांचे विश्लेषण संपते. राधानगरीसारख्या तालुक्याच्या गावी आज कॉलेजच्या मुलामुलींच्या डोक्यावर एखादी तांबडी, जांभळी, क्वचित निळी बट दिसते. हे रंगकाम कोल्हापूरच्या महागड्या सलूनमध्ये झालेले नसते. घरच्या मोरीत, मैत्रिणीच्या मदतीने, मोबाईलवरील चित्रफीत पाहून आणि पाकिटातली भुकटी वाटीत कालवून ते उरकलेले असते. अशा मुलांना वर्गाबाहेर उभे करणे हा शिस्तीचा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि सोपा आहे म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे.

काळ्या रंगाला कोणी उद्धटपणा म्हणत नाही. साठी उलटलेले संस्थाचालक आणि सर्व पक्षांचे पुढारी (आपलाही पक्ष त्यास अपवाद नाही) केसांना व मिश्यांना कलप लावून व्यासपीठावर बसतात आणि तेथून तरुणांना साधेपणाचा उपदेश करतात. मेंदीने नारिंगी झालेली म्हाताऱ्याची दाढीही गावाला खटकत नाही. म्हणजे आक्षेप रंगविण्याला नाही. कोणी रंगवावे आणि कोणता रंग निवडावा, याला आहे. रसायनशास्त्राचा कौल तर नेमका उलटा आहे. कलपाचा काळा रंग मुख्यतः पॅराफिनिलीन डायअमाइन या द्रव्यापासून तयार होतो, आणि छटा जितकी गडद तितके त्याचे प्रमाण साधारणपणे अधिक. त्वचेला खाज, सूज, फोड आणणारी ॲलर्जी या द्रव्यामुळे होते, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकले जाते त्यातही बहुधा तेच असते; निव्वळ मेंदीच्या पानाने केस काळे होत नाहीत.

दुसऱ्याच्या, विशेषतः स्त्रीच्या केसांवर समाजाने हक्क सांगण्याची आपली परंपरा जुनी आणि क्रूर आहे. विधवेचे केशवपन हा शिस्तीचाच प्रकार होता. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालविण्याचा निर्धार केला. श्रमिकांनी आपले हत्यार खाली ठेवून स्त्रीच्या देहावरील जुलूम नाकारल्याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल. गडहिंग्लज परिसरात मुलीच्या डोक्यात जट झाली की ती देवीची आज्ञा समजून तिला यल्लम्माला सोडण्यात येई. त्या जटा कापण्यासाठी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना घरोघर जाऊन समजूत घालावी लागली. ज्या गावाला शाहू महाराजांनी आपल्या कन्येचे, राधाबाईंचे नाव दिले आणि ज्या संस्थानात त्यांनी १९१७ साली विधवा पुनर्विवाहाला कायद्याचे पाठबळ दिले, तेथे एखाद्या मुलीच्या बटेचा रंग हा प्राचार्यांच्या अधिकाराचा विषय व्हावा, हे मला उलट्या पावलांचे चालणे वाटते.

म्हणून मुलांची बाजू घ्यायची, एवढ्याने काम भागत नाही. खरी अडचण यापुढे आहे. आपले केस मुळात काळे असल्यामुळे त्यांवर लाल वा निळा रंग थेट चढत नाही. आधी हायड्रोजन पेरॉक्साईड आणि अमोनियासारखी क्षारयुक्त द्रव्ये वापरून केसातील मेलॅनिन हे मूळ रंगद्रव्य काढून टाकावे लागते. प्रमाण चुकले किंवा वेळ लांबली तर केस ठिसूळ होतात, टाळू भाजते. केस एकदा उजळले की त्यांवर बसणारे कित्येक भडक रंग तुलनेने सौम्य असतात. धोका अधिक आहे तो उजळविण्याच्या पायरीत आणि कायम टिकणाऱ्या रंगांत. डोळ्यांत गेल्यास इजा, पोटात गेल्यास घसा सुजून व मूत्रपिंडे निकामी होऊन जीवावर बेतणे, हे कलपाचे धोके तर घरातल्या लहान मुलांनाही आहेत.

आपल्या कायद्याला हे ठाऊक नाही असे नाही. अशा कलपाच्या वेष्टनावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापावा, भुवया-पापण्यांना लावू नये असे स्पष्ट सांगावे, आणि कानामागे किंवा हाताच्या आतील बाजूस थोडा रंग लावून चोवीस तास वाट पाहण्याची चाचणी समजावून द्यावी, असे सौंदर्यप्रसाधनांविषयीचे नियम आहेत. पण हा इशारा तळहाताएवढ्या पाकिटावर किती मोठ्या अक्षरांत मावणार? १९८३ साली तामिळनाडूत ‘चिक’ शांपू लहान पुडीत आला, आणि पुडीचा व्यापार देशभर फोफावला. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या हाती एकदम मोठी रक्कम नसते, हे भांडवलाने आपल्या नियोजनकारांपेक्षा आधी ओळखले. त्याबद्दल त्याला शाबासकी द्यायलाही हरकत नाही! परंतु किंमत लहान करताना माहितीही लहान केली गेली. पाकीट दहा-वीस रुपयांत घरी येते. त्याबरोबर यायला हवा तो सल्ला देणारा माणूस मात्र येत नाही. (रिकामी पाकिटे भोगावतीच्या काठाने पंचगंगेकडे जातात, ते वेगळेच.)

रंगांच्या धंद्याचा इतिहासही असाच आहे. १८५६ साली क्विनीन बनविण्याच्या खटपटीत विल्यम पर्किनला जांभळा रंग गवसला आणि कोळशाच्या डांबरातून एक नवा उद्योग उभा राहिला. १८९७ पासून जर्मन कारखान्यांतील कृत्रिम नीळ बाजारात आली, भाव कोसळले, आणि बिहारच्या मळेवाल्यांनी आपला तोटा रयतेच्या माथी मारला. १९१७ च्या चंपारण सत्याग्रहामागे हे अर्थकारण होते. आजही जोखीम अशीच खाली सरकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये जो निष्कर्ष दिला तो बोलका आहे: स्वतःचे केस रंगविणाऱ्याबाबत पुरावा अपुरा, परंतु केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्यांचा रसायनांशी येणारा संपर्क बहुधा कर्करोगकारक. महिन्यातून एकदा रंगवणाऱ्या डोक्याची आपण चर्चा करतो. दिवसभर उघड्या हातांनी दुसऱ्यांना कलप लावणाऱ्या नाभिक बांधवाच्या, पार्लरमधील मुलीच्या बोटांना पडलेल्या भेगा कोणाच्याच चर्चेत नाहीत. या कामगारांना हातमोजे, हवेशीर जागा आणि आरोग्य तपासणी मिळावी, ही मागणी कोणत्या पक्षाच्या जाहीरनाम्यात वाचल्याचे मला स्मरत नाही.

युवक कार्यकर्त्यांनी ती हाती घ्यावी. राधानगरीच्या बाजारपेठेतून दहा दुकानांतली दहा पाकिटे विकत आणावीत; इशारा मराठीत आहे काय, आणि चष्मा लावूनही तो वाचता येतो काय, हे नोंदवावे; ती यादी कोल्हापूरच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी. त्याच आठवड्यात कॉलेजच्या प्राचार्यांची भेट घेऊन केसांच्या रंगावरून कोणालाही तासाला बसण्यास मनाई होणार नाही, असे लेखी मागावे. शिष्टमंडळात कलप लावणारे एक-दोन ज्येष्ठ असले तर उत्तमच.