ब्रेक के बाद

केंब्रिज चौक. संध्याकाळचे सव्वासहा. जूनचा पहिला पाऊस नुकताच पडून गेलेला, म्हणजे रस्त्यावरची धूळ आणि ऑइल मिळून मस्त लोणी झालेलं. शेंद्र्याहून एक इंटरव्ह्यू उरकून मी चिकलठाण्याच्या दिशेने येत होते. स्पीड फार नव्हता, असेल पन्नासच्या आसपास. तेवढ्यात डावीकडून एक स्कूटीवाली कॉलेजकन्या सरळ माझ्यासमोर!

मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. आणि माझी लाडकी अल्टो... थांबलीच नाही. चाकं जाम झाली, गाडी घसरत राहिली. स्टिअरिंग फिरवलं तर तेही ऐकेना. शेवटी थांबली तेव्हा स्कूटी आणि बंपरमध्ये फार तर वीतभर अंतर होतं. ती पोरगी माझ्याकडे एक जळजळीत लुक टाकून निघून गेली. मी मात्र गाडी साइडला घेऊन दहा मिनिटं नुसती बसून होते. हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू?

खरं टेन्शन वेगळंच होतं. पुढच्या रविवारी आईला घेऊन चाळीसगावला मावशीकडे जायचं होतं. म्हणजे कन्नडचा घाट उतरायचा. हीच गाडी, हेच ब्रेक आणि शेजारी आई.

मग काय, नेहमीचा फंडा. आधी चार मित्रांना फोन, मग रात्री दोनपर्यंत व्हिडिओ. निष्कर्ष एकच : ब्रेक अपग्रेड करायचे. पुढे मोठी डिस्क, मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क. कॅलिपरला लाल रंग मारला की काय दिसतं, वा! शहरातल्या एका चकाचक मॉडिफिकेशनवाल्याने २८ हजारांचं कोटेशनही दिलं. दोन लेखांचं मानधन अजून यायचंय, ते धरून हिशेब बसवला. (फ्रीलान्सरचा हिशेब म्हणजे न आलेल्या चेकवर केलेली शॉपिंग.)

पैसे देण्याआधी सहज म्हणून चिकलठाणा एमआयडीसीच्या मागच्या गल्लीतल्या उस्तादकडे गेले. पत्र्याचं शेड, रेडिओ, चहाचे ग्लास. एसी वेटिंग रूम वगैरे काही नाही. बाईमाणूस गाडी घेऊन आली की बहुतेक गॅरेजवाले 'साहेब नाही आले?' म्हणून मागे बघतात. उस्ताद बघत नाहीत, म्हणून ते मला आवडतात.

माझी डिस्कची कथा त्यांनी शांतपणे ऐकली. मग खाली वाकून पुढच्या टायरवर नख दाबलं. नख रुतेचना. टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे त्यांनी मला वाचायला लावले : १९१४. म्हणजे २०१४ सालचा एकोणिसावा आठवडा. टायर कधी बनला, ते त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं आणि मी आजवर एकदाही वाचलं नव्हतं.

"मॅडम, ब्रेक चक्का रोकता. गाडी तो टायर रोकता."

माझी ट्यूब तेव्हा पेटली. ही गाडी मी एका रिटायर्ड काकांकडून घेतली होती. 'फक्त २८ हजार किलोमीटर चाललीय हो, देवळात आणि भाजीला!' टायरवरची नक्षी नव्यासारखी, म्हणून मी जाम खूश. पण रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं, कडक होतं. केंब्रिज चौकात माझे ब्रेक कमी पडलेच नव्हते. त्यांनी चाकं तर जागच्या जागी धरली होती! त्याखालचं रबर रस्ता धरेना, आणि चाक जाम झालं की गाडी वळतही नाही. नव्या गाड्यांत एबीएस हे जाम होणं टाळतं, पण ते भारतात सगळ्या नव्या कार्सना सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. माझी सुंदरी त्याच्या आधीची.

आणि डिस्क? उस्तादनी बोटं मोजली. अल्टोचं रिम बारा इंची, मोठी डिस्क आत बसणारच नाही. म्हणजे रिम बदला. मोठ्या कॅलिपरला ऑइल जास्त लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल खोल जातं. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. तिथेच जोरदार ब्रेक लावला तर गाडीची शेपूट फिरते. शिवाय हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो, त्याची वेगळी सोय करा. एवढं करून कायदाही आहेच. कंपनीने दिलेल्या गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाले आधी त्या लाल कॅलिपरकडेच बघणार.

मग खरी सर्जरी झाली. मागचे ड्रम उघडले तर आत लायनरची भुकटी आणि एका व्हील सिलिंडरमधून पाझरणारं ऑइल. ब्रेक ऑइलचा रंग चक्क काळ्या चहासारखा. हे ऑइल हवेतला ओलावा पितं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पाणी प्यायलेलं १४० च्या आसपासच. घाटात सतत ब्रेक दाबून ते उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल उशीसारखं मऊ लागतं. कन्नडच्या घाटात, आई शेजारी असताना! पोटात खड्डाच पडला.

गंमत बघा, बजाज १९८५ पासून वाळूजमध्ये, स्कोडा २००१ पासून शेंद्र्यात. वाळूजच्या एन्ड्युरन्समध्ये तर टू-व्हीलरचे डिस्क ब्रेक बनतात. आणि अशा शहरातली मी, ब्रेक ऑइल बदलायचं असतं हेच मला माहीत नव्हतं!

बिल : चार टायर साडेअकरा हजार, पॅड, लायनर, सिलिंडर, ऑइल आणि एअर काढणं मिळून साडेतीन. लाल रंग शून्य.

घरी येऊन मासकॉमवाल्या डोक्याने थोडं गणितही केलं. कोरडा रस्ता, चांगले टायर, ६० चा स्पीड : ब्रेक लागल्यावर गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते. ८० ला तेच ३६ मीटर. आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यात ६० च्या स्पीडला १७ मीटर असेच संपतात. त्या सेकंदासाठी कुठल्याही दुकानात किट मिळत नाही. मोबाइल तेव्हापासून मागच्या सीटवर.

रविवारी निघालो. दौलताबाद, वेरूळ, कन्नड. घाटाच्या तोंडाशी बाबांची आठवण आली. उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायची त्यांची थोर परंपरा. कधीकधी तर इंजिनही बंद! इंजिन बंद झालं की दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगड होतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं. मी सेकंड गिअर टाकला आणि इंजिनलाच गाडी धरू दिली. ब्रेक फक्त वळणाआधी, थोडा दाबून सोडून द्यायचा. आई दारावरचं हँडल घट्ट धरून बसलेली. मागून एक एसयूव्हीवाला हॉर्नवर हॉर्न. त्याला जागा दिली, जा बाबा.

घाट संपल्यावर पेडल एकदा मुद्दाम दाबून बघितलं. वर होतं तसंच, घट्ट.

आईने हँडल सोडलं. म्हणाली, "एवढी हळूच चालवायची होती, तर पंधरा हजार कशाला घातलेस गं?"