एका बोटाखालची कळ

भरती निघणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी देगलूरहून मदनूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने पहाटे पोरं-पोरी पळताना दिसू लागतात. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००. सगळा हिशोब सेकंदांचा. म्हणून पाय दुखला तरी कुणी बोलत नाही. सराव बुडेल, ही धास्ती.

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकताच टाचेत कळ येते आणि चार पावलांत ओसरते, ते दुखणं त्यातल्या त्यात बरं. तळव्याचा जाड पट्टा टाचेपाशी दुखावलेला असतो. पळणं कमी करावं, पोटरी-तळवा ताणावा, गार पाण्याची बाटली तळव्याखाली घोळवावी. बहुतेकांना काही महिन्यांत उतार पडतो.

खरी भीती दुसऱ्या दुखण्याची. बोटांमागच्या लांब हाडावर, वरच्या बाजूने, एकाच जागी दाबलं की जीव कळवळतो आणि पळू तशी कळ वाढत जाते. हाडाला केसाएवढा तडा गेलेला असतो. रोजचा मार हाड विश्रांतीत भरून काढतं. पण अंतर एकदम दुप्पट केलं की भरण्याआधीच पुढचा मार बसतो. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी सैनिकांच्या पायांत हेच दुखणं नोंदवलं. पुढे त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणू लागले. पहिले दोन-तीन आठवडे ते एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. मग घरचे म्हणतात, फोटोत काही नाही, तेल लावून चोळ. चोळू नका! साधारण सहा ते आठ आठवडे पळणं बंद, हाच उपाय. गोळी घेऊन पळालं तर कळ दबते, तडा वाढतो. सरावात ज्या पोरींची पाळी थांबते, त्यांची हाडं लवकर तडकतात. कोचनं नाही तर आईनं तरी हे विचारायला हवं.

थांबल्यानं सगळं संपत नाही. बीडच्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे २०१८ मध्ये घोटा दुखावल्याने एशियाडला मुकला. त्याच वर्षी भुवनेश्वरला ३००० मीटर स्टीपलचेस साडेआठ मिनिटांच्या आत पळून त्यानं गोपाळ सैनींचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

अकादमी चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पोरांना डांबरावरून मातीवर आणा, रोज पाय दाखवायला सांगा आणि ज्याची कळ एका बोटाखाली मावते, त्याला त्याच दिवशी थांबवून हाडाच्या डॉक्टरकडे पाठवा.