निरवानिरव हातीपायी धड असतानाच

मृत्युपत्राचा विषय घरात निघाला की 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून तो तिथेच मिटवला जातो. मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, घराचे हप्ते यांवर रात्ररात्र बोलणारी माणसे या एका गोष्टीपाशी आली की गप्प होतात. मुलाने विषय काढला तर त्याचा डोळा इस्टेटीवर आहे असे वाटते. वडिलांनी काढला तर त्यांच्या प्रकृतीची शंका येते. वास्तविक आपल्या भाषेत 'निरवानिरव' हा किती अर्थपूर्ण शब्द आहे! जाणाऱ्याने मागच्यांची सोय लावायची, कुणाचे काय ते सांगायचे आणि मग निश्चिंत व्हायचे. शब्द राहिला, रीत मात्र सुटली.

"आमच्यात कसली आली आहे वाटणी? सगळे एकमेकांना धरून आहेत," असे म्हणणारी घरे पुष्कळ आहेत, आणि ती खोटे बोलत नाहीत. पण मृत्युपत्र नसेल तर वाटणी प्रेमाने होत नाही, कायद्याने होते. साधे उदाहरण घेऊ. एका निवृत्त गृहस्थांचा पुण्यात स्वकष्टाचा फ्लॅट आहे, तोही त्यांच्या एकट्याच्या नावावर. मागे पत्नी, दोन मुलगे, एक विवाहित मुलगी आणि ८५ वर्षांची आई. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे हे पाचही जण पहिल्या वर्गातले वारस, आणि सर्वांचा हिस्सा सारखा. म्हणजे जिने ४० वर्षे पैपै जोडून ते घर उभे केले, ती त्या घराच्या एक पंचमांशाचीच मालकीण ठरते. पुढे आजीही मृत्युपत्र न करता गेल्या, की त्यांचा हिस्सा त्यांच्या इतर मुलामुलींकडेही जातो. दीर आणि नणंदांची नावे घराला लागतात. यात कुणाची नियत वाईट असावी लागत नाही. पण घर विकायचे म्हटले की सर्वांच्या सह्या लागतात. त्यातला एक परदेशात असतो आणि एकाशी बोलणे बंद झालेले असते. ती माउली मात्र प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत बसते.

हीच गोष्ट मुलीची. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मतः हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला. पुढे २००५ मध्ये तो देशभर आला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तरीही साडीचोळीवर बहिणीची बोळवण करून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची पद्धत गेलेली नाही. सही केली नाही तर माहेर तुटते आणि केली तर हक्क जातो. या पेचातून तिला वडीलच सोडवू शकतात. त्यांनी स्वतः लिहून ठेवले, तर भावासमोर हात पसरण्याची वेळ तिच्यावर येत नाही.

"आम्ही नॉमिनेशन केले आहे," हा आणखी एक फसवा दिलासा. बँकेतील ठेवीचा नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे; त्याने ते वारसांसाठी घ्यायचे असतात. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. सोसायटीतही नॉमिनीचे नाव लागले म्हणून फ्लॅटची मालकी त्याला मिळते असे नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. ही सोय जरूर घ्यावी, पण तिला मृत्युपत्र समजू नये.

आणि मृत्युपत्र तरी अवघड कुठे आहे? त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. करणाऱ्याने सही करावी आणि दोन साक्षीदारांनी ती पाहून त्याच्यासमोर आपल्या सह्या कराव्यात. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. वय झाले असेल तर डॉक्टरांचा दाखलाही जोडावा. इच्छा अमलात आणण्यासाठी एक विश्वासू व्यवस्थापक नेमावा. मन बदलले तर नवे मृत्युपत्र करता येते. शेवटचे तेच खरे. मोबाइलवर बोललेले शब्द मात्र सही-साक्षीच्या कागदाची जागा घेत नाहीत. धर्म आणि प्रांत यांप्रमाणे मर्यादाही आहेत. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीविना एक तृतीयांशापुरतेच मृत्युपत्र करता येते. गोव्यात मुलाबाळांसाठी निम्मा वाटा राखीव असतो. म्हणून वकिलाचा सल्ला घ्यावा. आणि घाईने हयातीतच घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करण्याआधी दहादा विचार करावा. मृत्युपत्र आपल्या पश्चात बोलते. बक्षीसपत्राने घर आजच हातचे जाते.

काही घरांत प्रश्न याहून खोल असतो. मूल गतिमंद असते आणि "आमच्यानंतर याचे कोण?" हा विचार आईबापांना झोपू देत नाही. अशा मुलाच्या नावे नुसता पैसा ठेवून भागत नाही. तो त्याच्यासाठी खर्च करणारे हात लागतात. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखाली खासगी ट्रस्ट करता येतो. तो मृत्युपत्रातूनही निर्माण करता येतो. दोन-तीन विश्वस्त नेमून औषधपाणी, सांभाळ आणि खर्च यांचे नियम लिहून ठेवता येतात. मूल सज्ञान झाल्यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून त्याला पालक नेमून घेता येतो. ट्रस्ट ही केवळ धनिकांची चैन नव्हे, ती या घरांची गरज आहे.

कायदा वारस ओळखतो, माणसे ओळखत नाही. आईची सेवा कोणत्या सुनेने केली, धाकट्याच्या शिक्षणासाठी थोरल्याने काय सोडले, हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असते फक्त घरच्या कर्त्या माणसाला. तेव्हा एखाद्या रविवारी दुपारी सर्वांना जवळ बसवावे, पासबुके, पॉलिसी, सातबारा समोर ठेवावे आणि बोलावे. पहिली पाच मिनिटे जड जातील. पण पुढे आपल्या माघारी भावंडांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, तर त्या पाच मिनिटांचे मोल फार मोठे ठरते.